जवळा, कोपेपॉड आणि बाकीचे बारके समुद्री जीव: वाढ अन् उत्पादन कसं काढायचं, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

आमच्या गावच्या आठवडी बाजारात सुकटवाली मावशी बसते, एका पोत्यात बोंबील, एकात सोडे आणि एकात जवळा, आम्हा मराठवाड्यातल्या पोरांचा समुद्र म्हणजे एवढाच. तरी दरवर्षी झूलॉजीला कोणतरी समुद्री क्रस्टेशियनचा (झिंगा-खेकड्याच्या जातकुळीतल्या कवचवाल्या जीवांचा) प्रोजेक्ट घेतंच, रत्नागिरी नाहीतर मालवणहून बाटल्या भरून आणतं, चार महिने मायक्रोस्कोपला डोळे लावून मोजतं आणि शेवटी लिहितं की एका घनमीटरला एवढे सापडले. मग व्हायवाला सर विचारतात, बरं, उत्पादन किती? आणि सगळे खाली बघतात. मी पण बघितलं होतं. म्हणून हे लिहायलो, जे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, नाहीतर पुढचं सगळं फुकट आहे. समजा तुमच्या काकाकडं २० उस्मानाबादी शेळ्या आहेत, आज सगळ्या काट्यावर घातल्या, ६०० किलो भरल्या. हे ६०० किलो म्हणजे बायोमास. उत्पादन नाही. उत्पादन म्हणजे वर्षभरात त्या कळपात जेवढं नवीन वजन चढलं ते सगळं, म्हणजे जी करडं झाली, जे बोकड बकरी ईदला विकले, आणि जे एक पिल्लू लांडग्यानं नेलं त्यानं सुद्धा नेईपर्यंत जेवढं अंग धरलं तेवढं धरायचं. आता समुद्रात हा लांडगा रोज रात्रंदिवस चालू आहे. कोपेपॉड (भिंगातूनच नीट दिसणारे, पाण्यात तरंगणारे), मायसिड (झिंग्यासारखे बारके), अँफिपॉड (कमानीसारखे वाकलेले), जवळा, हे सगळे कवचवाले दुसऱ्याच्या ताटातले, त्यामुळं जेवढं उत्पादन झालं त्यातलं बहुतेक तुम्ही जाळं टाकायच्या आधीच कोणाच्या तरी पोटात गेलेलं असतं. आपल्याला जे जाळ्यात आलं त्यावरून जे गेलं त्याचा हिशोब लावायचाय. खरी मेख इथंच आहे.

दुसरी अडचण वयाची. माशाच्या कानात ओटोलिथ असतो, त्यावर वर्तुळं असतात, वय काढता येतं. आपले हे कवचवाले मात्र कात टाकतात. सापासारखं वरवरचं नाही, पूर्ण कवच, मिशांसकट पायांसकट सगळं टाकतात आणि वयाचा पुरावा त्याच्यासोबत जातो. लांबी पण सलग वाढत नाही, कात टाकली की एकदम उडी, मग थांबलेली, मग परत उडी. कोपेपॉडमध्ये हे लई शिस्तीत असतं, ६ नॉप्लियस (अंड्यातून निघालेलं बारकं पिल्लू) अवस्था, मग ६ कोपेपोडाइट (मोठ्यासारखं दिसायला लागलेलं पिल्लू) अवस्था, त्यातली सहावी म्हणजे प्रौढ, आणि प्रौढ झाला की कात टाकणं बंद. मग मादी खाते ते जातं कुठं? अंड्यात. हे लक्षात ठेवा, पुढं एक अख्खी पद्धत यावरच उभी आहे.

आता कामाला लागू.

सुरुवात प्राण्यापासून करा, पद्धतीपासून नाही. जवळा, मायसिड, अँफिपॉड असले मिलीमीटर-सेंटीमीटरमधले प्राणी असतील तर दर पंधरवड्याला सॅम्पल आणून लांबी मोजत राहायची आणि पिढी कशी सरकतेय ते बघायचं. कोपेपॉड असतील तर तसं सहसा जमत नाही, गरम पाण्यात त्यांची पिढी दोन-तीन आठवड्यांत उरकते, तुम्ही पंधरा दिवसांनी जाल तोवर मागचे म्हातारे झालेले असतात. त्यांच्यासाठी बाटलीतले प्रयोग. पहिल्याच प्रोजेक्टला दोन्ही करायला जाऊ नका, दोन्ही अर्धवट राहतात.

जाळ्याचं. आमच्या आजीच्या काळात नारूची भीती होती, बारवेचं पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय कोणी प्यायचं नाही, कारण नारूची अळी सायक्लॉप्समधून पोटात जायची आणि सायक्लॉप्स म्हणजे गोड्या पाण्यातला कोपेपॉडच. सन २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात त्या फडक्याचा पण वाटा आहे. तर प्लँक्टन जाळं म्हणजे तेच फडकं, फक्त भोकाचं माप माहिती असलेलं. २०० मायक्रॉनचं (एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) जाळं सगळीकडं वापरतात पण त्यातून नॉप्लियस आणि ओइथोनासारखे बारके कोपेपॉड सरळ निघून जातात, आणि मग तुमच्या तक्त्यात पिल्लं कमी अन् बाप जास्त असा चमत्कार दिसतो. बारक्यांसाठी ६४ मायक्रॉनच्या आसपासचं जाळं सोबत टाका. गाळलेलं पाणी किती ते पण माहिती पाहिजे. डब्ल्यूपी-२ नावाच्या ठरलेल्या मापाच्या जाळ्याचं तोंड ०.२५ चौरस मीटर असतं, १० मीटर सरळ वर ओढलं तर २.५ घनमीटर पाणी, पण जाळं चोंदलं असेल तर तेवढं गाळलं जात नाही म्हणून तोंडात फ्लोमीटर (आत गेलेलं पाणी मोजणारं यंत्र) बसवा. हा आकडा चुकला की पुढचे सगळे चुकतात.

फॉर्मेलिनचा घोळ प्रत्येक बॅचला होतो. बाजारात मिळणारं फॉर्मेलिन म्हणजेच ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड. एक भाग फॉर्मेलिन आणि नऊ भाग समुद्राचं पाणी केलं की साधारण ४ टक्के फॉर्माल्डिहाइड होतं, यालाच कोणी ४ टक्के लिहितं कोणी १० टक्के, आणि वाचणारा येडा होतो. तुम्ही किती भागात किती घातलं तेच लिहा. बोरॅक्स टाका नाहीतर ॲसिडिक होऊन कवच खराब होतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. आणि चिठ्ठी पेन्सिलनं लिहून बाटलीच्या आत टाका, बाहेर मार्करनं लिहिलेलं एसटीच्या प्रवासात पुसून जातं, मग रत्नागिरी कोणती अन् मालवण कोणतं ते देवालाच माहिती.

आता मोजणं, आणि इथं माझी स्वतःची फजिती सांगतो. ऑक्युलर मायक्रोमीटर म्हणजे भिंगातली पट्टी, तिच्यावर नुसते भाग असतात, एक भाग म्हणजे किती मायक्रॉन ते स्टेज मायक्रोमीटर खाली ठेवून जुळवायचं असतं. स्टेज मायक्रोमीटरवर १ मिलीमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. वरच्या पट्टीचे ४० भाग खालच्या १०० भागांशी जुळले तर वरचा एक भाग २५ मायक्रॉन झाला. साधं आहे. पण मी एक दिवस झूम थोडा वाढवला कारण बारके दिसत नव्हते, आणि परत जुळवलंच नाही. वाढवलेल्या झूमला एक भाग २० मायक्रॉन होता आणि मी २५ नं गुणत राहिलो, १८० प्राणी तसेच. लांबी सव्वापट लिहिली गेली. तुम्ही म्हणाल सव्वापट म्हणजे काय एवढं, पण वजन साधारण लांबीच्या घनाबरोबर वाढतं, १.२५ चा घन १.९५, म्हणजे प्रत्येक प्राण्याचं वजन जवळपास दुप्पट. माझा बायोमास बघून सर म्हणाले, काय रे, कोपेपॉड आहेत का खेकडे? तेव्हापासून मी झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावतो.

मोजायचं काय ते पण ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत बदलू नका. कोपेपॉडची शेपटी मोडते वाकते, म्हणून पुढचा अंडाकार भाग, प्रोसोम, तेवढाच मोजतात. अँफिपॉड कमानीसारखा वाकलेला असतो, त्याला सरळ करायला गेलं की तुटतो, तिथं डोक्याची लांबी घेतलेली बरी. मायसिड आणि जवळ्याला कॅरपेसची, म्हणजे डोकं-छाती झाकणाऱ्या कवचाची लांबी.

सराव कुठं करायचा? समुद्राचं सॅम्पल हातात यायच्या आधी बाजारातून पावशेर जवळा आणा. कोमट पाण्यात तासभर भिजवा, पांढऱ्या ताटात पसरा, आधी त्यातले दुसरे झिंगे, माशांची पिल्लं, एखादा खेकड्याचा बच्चा असं सगळं वेचून बाजूला काढा, उरलेल्यातले २०० मोजा. लांबीचा आलेख काढा. हात बसतो, डोळा बसतो. पण त्यावरून वाढ काढू नका हां, कारण वाळल्यावर आकसलेला असतो, वाटेत चाळला गेलेला असतो, कुठल्या तारखेचा, कुठल्या जाळ्यातला, काही माहिती नाही. मोजून झालं की आमच्या घरी तो परत चटणीत जातो, लसूण-तिखट टाकून, भाकरीसोबत. (फॉर्मेलिनच्या टेबलावर मोजला असेल तर अर्थात नाही.)

वजनाकडं येऊ. एकेक प्राणी तोलता येत नाही, मायक्रोग्रॅममध्ये असतात, म्हणून एकाच साईझचे २०-५० जण आधी तोललेल्या फॉइलच्या बारक्या वाटीत ठेवा, ६०° से. ला २४ ते ४८ तास वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारी सिलिका जेल ठेवलेल्या हवाबंद भांड्यात) थंड होऊ द्या, मग मायक्रोबॅलन्सवर. सिलिका जेल निळी असेल तर ठीक, गुलाबी झाली असेल तर ती स्वतःच पाणी पिऊन बसलीय, ओव्हनमध्ये टाका. मे महिन्यात आमच्याकडं हवा एवढी कोरडी की काही वाटत नाही, पण हेच काम कोकणात जूनमध्ये केलं तर वाटी बाहेर काढल्याबरोबर काट्यावरचा आकडा चढायला लागतो, डोळ्यादेखत. आणि फॉर्मेलिनमध्ये राहिलेल्या प्राण्याचं वजन काही प्रमाणात घटतं, अल्कोहोलमध्ये चरबी निघून जाते, त्यामुळं वजनासाठी जमेल तेवढे ताजे नाहीतर फ्रीज केलेले घ्या. सगळ्या साईझचं झालं की लांबीचा लॉग आणि वजनाचा लॉग यांची सरळ रेघ काढा, उतार साधारण ३ च्या आसपास यायला पाहिजे. ५ आला किंवा १ आला तर प्राणी दोषी नाही, मोजणी परत बघा.

आता खरा हिशोब. समजा एकच पिढी स्पष्ट दिसतेय, सगळे जवळपास एकाच वेळी जन्मलेले, आणि तुम्ही दर १५ दिवसांनी सॅम्पल घेतलंय. आकडे समजण्यासाठी घेतोय, कुठल्या खऱ्या प्राण्याचे नाहीत:

पहिला दिवस: चौरस मीटरला १००० जण, एकाचं वजन ०.१० मिलिग्रॅम
१५ वा दिवस: ६०० जण, ०.४० मिलिग्रॅम
३० वा दिवस: ३५० जण, ०.९० मिलिग्रॅम
४५ वा दिवस: १५० जण, १.५० मिलिग्रॅम

प्रत्येक पंधरवड्यात सरासरी किती जण जिवंत होते आणि एकेकानं किती वजन कमावलं, याचा गुणाकार. पहिल्या पंधरवड्यात सरासरी ८००, प्रत्येकानं ०.३० कमावलं, झाले २४०. दुसऱ्यात ४७५ गुणिले ०.५०, म्हणजे २३७.५. तिसऱ्यात २५० गुणिले ०.६०, १५०. बेरीज ६२७.५ मिलिग्रॅम चौरस मीटरला. हे उत्पादन.

आता बायोमास बघा. सुरुवातीला १००, मग २४०, मग ३१५, शेवटी २२५. म्हणजे जो माणूस फक्त शेवटच्या दिवशी जाळं टाकेल त्याला २२५ दिसणार आणि तो म्हणणार १०० चे २२५ झाले, १२५ ची वाढ. प्रत्यक्षात तयार झालं ६२७.५, त्यातलं ५०२.५ कोणीतरी खाल्लं नाहीतर मेलं. पडताळा पण करता येतो, प्रत्येक पंधरवड्यात किती जण गेले गुणिले जाताना त्यांचं सरासरी वजन: ४०० × ०.२५, २५० × ०.६५, २०० × १.२०, बेरीज बरोबर ५०२.५. दोन्ही वाटांनी आकडा जुळला की पाठ थोपटून घ्या. सरासरी बायोमास २२०, म्हणून उत्पादन भागिले बायोमास २.८५. यालाच पी/बी रेशो म्हणतात. तो सांगताना नेहमी काळ पण सांगा, हा ४५ दिवसांचा आहे, वर्षाचा नाही. पिढीचा पी/बी आणि वर्षाचा पी/बी शेजारी ठेवून तुलना केलेले रिपोर्ट मी बघितलेत, म्हणजे खरिपाचं एका पिकाचं उत्पन्न आणि शेजाऱ्याचं बागायतीचं वर्षाचं उत्पन्न एकाच रांगेत लिहिण्यासारखं.

पण उष्ण समुद्रात एवढं सरळ क्वचितच होतं. वर्षभर पिल्लं येत राहतात, पिढ्या एकमेकींत मिसळतात, लांबीच्या आलेखात दोन-तीन उंचवटे एकमेकांवर चढलेले दिसतात. ते वेगळे करायला भट्टाचार्य यांची १९६७ ची पद्धत अजून चालते, आणि एफएओचं फायसॅट नावाचं सॉफ्टवेअर ती करून देतं. उंचवटे महिन्या-महिन्याला उजवीकडं सरकताना दिसले तर फॉन बर्टालान्फीची वक्र रेघ (वयाबरोबर लांबी कशी वाढते ते सांगणारी) बसवता येते. सॉफ्टवेअर काही ना काही उत्तर देतंच, कचरा दिला तरी देतं, म्हणून आधी स्वतः डोळ्यानं बघा की सरकतायत का. नसतील सरकत तर जबरदस्ती नको.

तेव्हा साईझ-फ्रिक्वेन्सी पद्धत वापरा. ही मुळात गोड्या पाण्यातल्या ओढ्या-नद्यांच्या किड्यांसाठी निघाली, हाइन्स आणि कोलमन यांनी १९६८ ला मांडली, हॅमिल्टननं १९६९ ला दुरुस्त केली, आणि बेंकेनं १९७९ ला एक महत्त्वाची भर घातली. वर्षभराच्या सगळ्या सॅम्पलची सरासरी काढून लांबीचे गट करायचे, समजा १० गट. एका गटातून पुढच्या गटात जाताना किती जण कमी झाले, गुणिले त्या दोन गटांच्या वजनांचा गुणोत्तरी मध्य (दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ), सगळ्या गटांची बेरीज, आणि मग गुणिले गटांची संख्या. १० नं गुणायचं कारण असं की प्रत्येक प्राणी प्रत्येक गटात आयुष्याचा दहावा भागच असतो, म्हणून सरासरीत तो दहा पट कमी दिसतो. बेंकेची भर म्हणजे हे सगळं एका वर्षाच्या आयुष्याला धरून आहे, तुमचा प्राणी ४५ दिवसांत मोठा होत असेल तर ३६५ भागिले ४५, म्हणजे ८.१ नं अजून गुणा. हे विसरलं की उत्पादन आठपट कमी येतं, आणि उष्ण पाण्यातल्या कामात विसरलेलं पटकन लक्षात पण येत नाही. सगळ्यात बारक्या गटात बऱ्याचदा उणे आकडा येतो, कारण पिल्लं जाळ्यातून निसटली. तो धरत नाहीत, पण का सोडला ते लिहा.

कोपेपॉडचं आता. यासाठी किनाऱ्यावरच थांबायला लागतं, आमच्या बॅचच्या एकानं जिवंत कोपेपॉड कॅनमध्ये भरून मे महिन्यात एसटीनं संभाजीनगरला आणले होते, आले तेव्हा तळाशी पांढरा थर होता फक्त. तर किनाऱ्यावरच्या एखाद्या कॉलेजची लॅब मागून घ्या. दोन वाटा आहेत. पहिली, कृत्रिम पिढी: दोन चाळण्यांमधून एकाच साईझचे पिल्लू-कोपेपॉड वेगळे करा, अर्धे लगेच मारून मोजा, अर्धे त्याच समुद्राच्या पाण्यात, त्यांचं खाणं असलेल्या पण मोठे शिकारी गाळलेल्या, समुद्राच्याच तापमानाला एक-दोन दिवस ठेवा, मग मोजा. सरासरी वजन ५ मायक्रोग्रॅमवरून २ दिवसांत ८ झालं तर ८ भागिले ५ चा नैसर्गिक लॉग, ०.४७, भागिले २, म्हणजे रोजचा वाढीचा दर ०.२३५. पाण्यात त्या गटाचा बायोमास घनमीटरला २० मिलिग्रॅम असेल तर रोजचं उत्पादन ४.७ मिलिग्रॅम. प्रत्येक अवस्थेचं असंच काढून बेरीज.

दुसरी वाट अंड्याची. माद्या २४ तास बाटलीत ठेवा, अंडी मोजा. मादीनं ३० अंडी घातली, एकात ०.०५ मायक्रोग्रॅम कार्बन, मादीत ५, तर दीड भागिले पाच, रोज ०.३. बाटलीत खाली जाळी लावा म्हणजे अंडी खाली पडतील, नाहीतर आईच खाऊन टाकते आणि तुम्ही लिहिता की अंडी घातलीच नाहीत. ओइथोनासारख्या, ज्या अंडी पिशवीतच घेऊन फिरतात, त्यांची पिशवीतली अंडी मोजून उबायला लागणाऱ्या दिवसांनी भागतात. अंड्याचा दर सगळ्या पिल्लांना लावणं सोपं आहे म्हणून लोक करतात, पण खाणं कमी असलं की मादीची अंडी आधी कमी होतात आणि पिल्लं तरी वाढत राहतात, त्यामुळं आकडा कमी येऊ शकतो. मला विचाराल तर वेळ असेल तर पिल्लांची बाटली लावा.

प्रयोग नकोच, नुसतं तापमान टाकून दर काढायचाय, असं पण होतं. हंटली आणि लोपेझ यांचं १९९२ चं समीकरण आहे, ०.०४४५ गुणिले ई चा घात ०.१११ × तापमान. २८° से. टाका, दर ०.९९६ येतो, म्हणजे रोज वजन पावणेतीनपट. सगळ्या कोपेपॉडला रोज पोटभर मिळतं असं धरलं तर कदाचित, पण त्यात अन्न पण नाही आणि प्राण्याचा आकार पण नाही, आणि नंतरच्या लोकांनी यावर भरपूर बोट ठेवलंय. वरची मर्यादा म्हणून वापरा, उत्तर म्हणून नको.

रिपोर्ट लिहिताना वजन ओलं का कोरडं का कार्बन ते प्रत्येक तक्त्यावर लिहा. कोरड्यावरून कार्बन करताना बहुतेक जण ४० ते ४५ टक्के धरतात, तुम्ही किती धरलं ते सांगा. चौरस मीटर का घनमीटर, दिवसाला का वर्षाला, हे पण. सराव करायला समुद्र लांब असेल तर पैठणच्या नाथसागरात जाळं टाका, नाहीतर शेतातल्या विहिरीत, मोइना (गोड्या पाण्यातला बारका क्रस्टेशियन) आणि सायक्लॉप्स दोन्ही मिळतात, गणित सगळं तेच लागू होतं. उदगीरला तर फिशरी सायन्सचं कॉलेजच आहे, तिथं विचारून बघा. विहिरीवर जाताना मात्र विहिरीच्या मालकाला आधी सांगा, मी न सांगता गेलो तर म्हाताऱ्या आबांना वाटलं पोरगं पाण्यात औषध टाकायलंय, अर्धा तास समजावण्यात गेला, शेवटी त्यांना भिंगातून सायक्लॉप्स दाखवला तेव्हा म्हणाले, हा तर नारूवाला.